विनाअनुदानित पॉलिटेक्निकमध्ये नोकरी घेऊ का?

परभणी जिल्ह्यातल्या एका तरुणाने विचारलंय: "बी.ई. इलेक्ट्रिकल, फर्स्ट क्लास. दोन वर्षं एमपीएससी केली, झालं नाही. आता तालुक्याच्या गावातल्या एका विनाअनुदानित पॉलिटेक्निकमधून बोलावणं आलंय. पगाराचं 'बसून ठरवू' म्हणाले, येताना ओरिजिनल कागदपत्रं घेऊन या म्हणाले. आत काम कसं असतं? जावं का?"

मी अशा कॉलेजांत १९ वर्षं काढली. २००६ साली बीड जिल्ह्यात इलेक्ट्रिकलची लेक्चरर म्हणून लागले, पुढं लातूरकडं विभागप्रमुख झाले आणि शेवटची चार वर्षं प्रवेशाचं सगळं काम माझ्याकडं होतं. ही कॉलेजं नसती तर आमच्याकडची कितीतरी पोरं, त्यातही पोरी, दहावीनंतर घरी बसल्या असत्या. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि म्हणूनच आत जे चुकतं ते झाकून ठेवायची माझी तयारी नाही.

मुलाखतीत जे कुणी सांगणार नाही तिथूनच सुरुवात करते. ऑर्डरवर 'अधिव्याख्याता' असेल, पण वर्षातले चार-पाच महिने तुमचं मुख्य काम प्रवेश आणणं हे असतं. दहावीचे पेपर सुरू झाले की स्टाफ मीटिंग लागते आणि प्रत्येकाच्या नावापुढं आकडा लिहिला जातो. आमच्याकडं आठ असायचा, एका वर्षी बारा होता. मग आसपासच्या शाळांमधून दहावीच्या याद्या मिळवायच्या, फोन करायचे, संध्याकाळी कॉलेजच्या जीपमधून गावं करायची. ज्याचा आकडा भरला नाही त्याची वाढ थांबते, कधी मे-जूनचा पगार थांबतो.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे संस्थाचालकाला नुसत्या शिव्या देऊन थांबणार नाही. एका शाखेला साधारण ६० जागांची मान्यता असते. वर्ग, वर्कशॉप, बस, लाइटबिल हे ६० पोरांना जेवढं लागतं जवळपास तेवढंच २२ पोरांना लागतं. अनुदान नाही, म्हणजे पैसा येतो तो फीमधूनच. आणि त्याच दहावीच्या पोरावर शेजारच्या तालुक्यातली दोन पॉलिटेक्निक, आयटीआय आणि लातूरचे अकरावी सायन्सचे क्लास टपलेले. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली तेव्हा जागा कमी आणि पोरं जास्त होती. मी नोकरीला लागले तेव्हाही वर्ग भरलेले असायचे. पुढं आमच्या भागात कॉलेजं वाढली, पोरं तेवढीच राहिली, आणि मास्तरांना गावोगाव फिरायची वेळ आली.

आता यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. तुम्हाला तुमच्याच गावाकडं, तुमच्याच सोयऱ्याधायऱ्यांकडं पाठवलं जाईल. कारण तिथं तुमच्या शब्दाला किंमत आहे. नोकरी घेताना तुम्ही पदवी आणि मेहनत द्यायची तयारी ठेवून जाता. कॉलेजला तुमची गावातली पतसुद्धा हवी असते आणि ती बिनबोभाट वापरली जाते.

केज-धारूर भागातली ऊसतोडीला गेलेली माणसं मार्च-एप्रिलला कारखाने बंद झाले की गावी परततात. आम्ही नेमके तेव्हा जायचो. अशाच एका घरी आम्ही गेलो होतो. नवरा-बायको दोघं सांगलीकडच्या कारखान्यावरून येऊन आठवडा झाला होता, दारात बैलगाडीचं जू अजून तसंच पडलेलं. मुलगी आजीजवळ राहून दहावी झाली होती. निकाल लागल्यावर कळलं, ८४ टक्के. वडील तिला घेऊन कॉलेजवर आले. मी त्यांना शाखा, फी, शिष्यवृत्ती सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, आमाला काय कळतंय त्यातलं. तुमी म्हनताल तिथं घालू पोरीला."

ऑप्शन फॉर्म मी भरला. ओटीपी त्यांच्या मोबाइलवर आला, त्यांनी मोबाइलच माझ्या हातात दिला. पहिल्या पसंतीला मी आमचं कॉलेज टाकलं. केंद्रीभूत प्रवेश फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ती जागा आपोआप पक्की होते, मग पुढच्या फेरीत जाता येत नाही. मला हे माहीत होतं. तिला बीडचं शासकीय तंत्रनिकेतन त्या गुणांवर मिळालं असतं, हेही मला माहीत होतं. तिथली फी आमच्या फीच्या मानानं किरकोळ. माझा आकडा त्या वर्षी सातवर अडकला होता, ती आठवी.

दुसऱ्या वर्षाला असताना ती लॅबमध्ये माझ्याकडं आली. तिची शाळेतली मैत्रीण बीडला शिकत होती, दोघींचं बोलणं झालं असणार. तिनं विचारलं, "मॅडम, मला बीडचं लागलंच नसतं का?" मी खरं सांगितलं, लागलं असतं. ती काही बोलली नाही, मीटरचं रीडिंग वहीत लिहीत राहिली. ती पुढं चांगल्या गुणांनी पास झाली, वाळूजला एका पॅनेल बनवणाऱ्या कंपनीत लागली, दिवाळीला अजून फोन करते. तिच्या वडिलांनी पहिल्या हप्त्याचे पैसे मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल लवकर घेऊन भरले होते. ते मला नंतर कळलं. त्यांना मी आजपर्यंत काही सांगू शकलेले नाही.

त्यानंतर मी एक नियम केला आणि तो शेवटपर्यंत पाळला. पालक समोर बसले की आधी त्यांच्या गुणांवर कुठलं शासकीय तंत्रनिकेतन लागू शकतं ते मागच्या वर्षीचा कटऑफ उघडून दाखवायचं, फी सांगायची, मग आमच्या कॉलेजचं सांगायचं. ऑप्शन फॉर्म पोरानं स्वतः भरायचा, मी शेजारी बसायचं. पासवर्ड त्यानंच ठेवायचा. पहिली दोन वर्षं माझा आकडा भरला नाही, वाढ गेली, प्राचार्यांच्या केबिनमध्ये उभं राहून ऐकून घ्यावं लागलं. तिसऱ्या वर्षापासून पालक आपणहून यायला लागले, "त्या मॅडम खरं सांगतात" म्हणून. ज्या पोरांना शासकीय मिळत नाही, ज्या पोरींना घरचे शहरात होस्टेलला ठेवायला तयार नाहीत, ज्यांना सकाळी शेतात पाणी देऊन साडेनऊची बस धरायची आहे, त्यांच्यासाठी तालुक्याचं कॉलेजच बरं. अशी पोरं भरपूर आहेत. त्यांना फसवायची गरजच पडत नाही.

आता पगार. कायद्यानं ही कॉलेजं ट्रस्ट, सोसायटी किंवा ना-नफा कंपनीनं चालवायची असतात, नफ्यासाठी चालवता येत नाहीत. टी.एम.ए. पै खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयानं संस्थेच्या वाढीसाठी वाजवी शिल्लक ठेवायला मुभा दिली, नफेखोरी आणि कॅपिटेशन फीला, म्हणजे प्रवेशासाठी वरून घेतलेल्या पैशाला, मनाई केली. व्यावसायिक कॉलेजांची फी राज्यात शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, तेही संस्थेनं दाखवलेल्या खर्चावरून. खर्चातला मोठा भाग म्हणजे पगार. इथंच गोम आहे. कागदावर पगार जितका जास्त तितकी फी जास्त मंजूर होऊ शकते. सातव्या वेतन आयोगात पॉलिटेक्निकच्या अधिव्याख्यात्याचं सुरुवातीचं मूळ वेतन ५६,१०० रुपये आहे. तुम्हाला 'बसून ठरवू' म्हणालेत ते याच्या आसपासही नसणार, १८ ते २५ हजारांच्या घरात बोलतील असा माझा अंदाज. माझ्या पहिल्या नोकरीत स्केल ८,०००-१३,५०० चं होतं आणि हातात ६,५०० पडायचे.

मधली रक्कम कुठं जाते, ते मी केलंय म्हणून सांगते. पगार बँकेत पूर्ण जमा व्हायचा. दहा तारखेच्या आसपास अकाउंटंट चिठ्ठी द्यायचे, त्यावर आकडा. आम्ही बँकेत जाऊन तेवढे काढायचे आणि त्यांच्या टेबलावर ठेवायचे. ते मोजून ड्रॉवरमध्ये टाकायचे, वहीत बरोबरची खूण करायचे, पावती नाही. काही जणांकडून तर सह्या केलेले कोरे चेक आधीच घेऊन ठेवलेले. तीन वर्षं हे चाललं. माझ्याबरोबर फिजिक्सचे एक सर होते, घरकर्जासाठी गेले तेव्हा बँकेनं स्टेटमेंट बघून मोठं कर्ज मंजूर केलं, हप्ता मात्र हातातल्या पगारातून भरायचा होता. दीड वर्षात त्यांना ते घर विकावं लागलं. आयकरही कागदावरच्या पगारावर लागतो. फॉर्म १६ बघितल्याशिवाय हे कळतसुद्धा नाही. सगळ्या संस्था असं करत नाहीत. लातूरकडच्या संस्थेत पगार कमी होता, पण जो होता तोच कागदावर होता, आणि त्या कमी पगारात मला जास्त शांत झोप लागली.

पगार उशिरा होणं मात्र जवळपास सगळीकडं आहे. आमच्याकडं बहुतेक पोरं शिष्यवृत्तीची. फीची रक्कम सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून येणार, अर्ज कॉलेजच्या लॉगिनला अडकतो, मग समाजकल्याणला, मग निधी नाही. अनुसूचित जातीच्या पोरांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के वाटा आता थेट पोराच्या खात्यात जमा होतो आणि त्यानं तो कॉलेजला भरायचा असतो. खात्यात पैसे आले त्याच आठवड्यात घरात बाळंतपण निघतं, बियाणं घ्यायचं असतं, पैसे जातात. मग वसुली कुणी करायची, तर वर्गशिक्षकानं. सकाळी ज्या पोराला ओहमचा नियम शिकवला त्यालाच दुपारी "फी भर, नाहीतर परीक्षेचा फॉर्म अडवतील" म्हणून सांगायचं. मला हे काम प्रवेशापेक्षाही जड गेलं. चार-पाच महिने पगार नाही असं तुमच्याही वाट्याला येईल, तेवढी बेगमी असल्याशिवाय लग्न, कर्ज, गाडी असलं काही अंगावर घेऊ नका.

तपासणीबद्दल थोडक्यात. डिप्लोमाला एआयसीटीईचं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचं, प्रमाण २५ पोरांमागं एक शिक्षक. ६० च्या तीन वर्षांना सात तरी हवेत. प्रत्यक्षात तिघं-चौघं असतात, म्हणून तुमच्यावर आठवड्याला २० च्या वर तास येतील, शिवाय एनएसएस, वेळापत्रक, परीक्षा केंद्र, सगळं. समिती यायची असली की कधी न दिसलेले चेहरे स्टाफरूममध्ये बसलेले दिसतील. तुम्हाला दुसऱ्या कॉलेजात असं बसायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा. एकाच माणसाचं नाव दोन ठिकाणी सापडलं तर त्याचंच पुढचं दार बंद होतं. संस्थाचालक राजकारणात असतील, आणि आमच्याकडं बहुधा असतातच, तर निवडणुकीत बूथवर बसायलाही सांगतील. तिथं काय करायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. मी दोनदा बसले, तिसऱ्या वेळी आजारी पडले.

एवढं सगळं असून मी १९ वर्षं का राहिले? वर्गासाठी.

दुसऱ्या वर्षाला मी स्टार्टर शिकवायचे. पुस्तकात सिंगल फेजिंग म्हणजे तीनपैकी एक फेज जाणं, उरलेल्या दोन फेजांवर करंट वाढणं, वाइंडिंग जळणं, एवढंच. मी विचारलं, कुणाच्या घरची मोटर जळलीय? ४० पोरांच्या वर्गात तिसाच्या वर हात वर. एक पोरगं उठून म्हणालं, "मॅडम, आमची तर तीन डाव जळली. रात्रीच्या लाइटला एक फेज जाती, आन् बापू रिले फुल करून ठेवतात, बंद पडू नये म्हणून." मी फळा सोडला. वर्कशॉपमध्ये डीओएल स्टार्टर उघडून टेबलावर ठेवला, करंट वाढला की मोटर बंद करणाऱ्या रिलेची ती छोटी चकती दाखवली, तिच्यावरचे आकडे वाचायला लावले. पाच एचपीच्या मोटरला फुल लोड करंट साडेसात अँपिअरच्या आसपास, नक्की आकडा नेमप्लेटवर. बापू ती चकती शेवटच्या टोकाला फिरवून ठेवतात, म्हणजे मोटर जळेपर्यंत रिले तुटतच नाही. प्रत्येकानं घरी जाऊन आपापल्या नेमप्लेटचा आकडा लिहून आणायचा, हा गृहपाठ दिला. सोमवारी वह्यांत आकडे आले, कुठं पुसट झालेले, कुठं नेमप्लेटच नाही. तीन पोरांनी शनिवारी-रविवारीच स्वतः रिले नीट लावून आणला होता. एकानं फेज गेली की मोटर बंद करणारा प्रिव्हेंटर बाजारातून आणून बसवला होता आणि जोडणी चुकली म्हणून मला दाखवायला डबाच घेऊन आला होता.

अशी पोरं मोठ्या शहरातल्या कॉलेजात भेटत नाहीत. त्यांना इंग्रजीत उत्तर लिहायला जड जातं, बोर्डाच्या परीक्षेत विषय राहतात, पण हाताला समज आहे. त्यांच्यातले काही जण आज महावितरणमध्ये आहेत, काही शेंद्र्याच्या कंपन्यांत, दोघांनी वाइंडिंगची दुकानं टाकली. पहिला वर्ग घेताना तुमच्या लक्षात येईल की तुमचा प्रश्न अर्धा सुटलाय.

तर माझं उत्तर: जा, पण अटी घालून जा आणि तीन वर्षांच्या हिशेबानं जा.

ओरिजिनल कागदपत्रं देऊ नका. दाखवा, साक्षांकित प्रती द्या, मूळ कागद त्याच दिवशी घरी. अडवलेल्या ओरिजिनलमुळं एमपीएससीची कागदपत्र पडताळणी हुकलेले दोन जण मी पाहिलेत. "सगळेच ठेवतात" म्हणतील. त्यावर अडून बसले तर ती नोकरी घेऊ नका, एवढी एकच गोष्ट मी विनाअट सांगते. कोऱ्या चेकवर सही नाही, पासबुक आणि एटीएम कार्ड तुमच्याच खिशात. नेमणुकीचं पत्र आवक-जावक क्रमांकासह मागून घ्या आणि त्यावर पगाराचा आकडा असू द्या. पीएफ कापतात का ते विचारा, कापत असतील तर यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा नंबर, घेऊन दर महिन्याला मोबाइलवर पासबुक बघा. कापलेला भरला जातोच असं नाही. ग्रॅच्युइटीच्या कायद्यात २००९ च्या दुरुस्तीनं शिक्षक आले, तेही ३ एप्रिल १९९७ पासून, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. पाच वर्षं सलग झाली तर तो तुमचा हक्क आहे. आमच्या कितीतरी सहकाऱ्यांना हे माहीतच नव्हतं, ते हात हलवत बाहेर पडले. हजेरीपत्रकाचे, वेळापत्रकाचे फोटो काढून ठेवत चला, पुढं अनुभवाचा दाखला अडवला तर तेच कामाला येतात.

पगार वेळेवर होतो का, हे प्राचार्यांना विचारू नका. लॅब असिस्टंटला चहाला घेऊन जा आणि विचारा, "मागचा पगार कुठल्या महिन्याचा झाला?" तो खरं सांगतो.

एमपीएससी सोडू नका. शासकीय तंत्रनिकेतनांच्या अधिव्याख्याता पदांची भरतीही तिथूनच होते आणि शिकवत असताना विषय आपोआप पक्का होतो. मला ते जमलं नाही, माझ्यानंतर लागलेल्या दोन पोरींना जमलं.

आणि हो म्हणण्याआधी एक दिवस असाच जाऊन या. मुलाखतीचा दिवस नको, त्या दिवशी सगळं झाडून ठेवलेलं असतं. जुलै-ऑगस्टमधला कुठलाही कामाचा मंगळवार-बुधवार, दुपारी दोनच्या पुढं. ऑफिसात न जाता थेट इलेक्ट्रिकल मशीन्सच्या लॅबकडं जा. कुलूप आहे का बघा. उघडी असेल तर मोटरच्या टर्मिनलवर धूळ आहे का, का वायरी जोडून जोडून नट गुळगुळीत झालेत, ते हात लावून बघा. तिथं चार पोरं जोडणी करत असतील आणि एखादा शिक्षक त्यांच्याजवळ उभा असेल, तर त्यालाच नाव सांगून विचारा, जागा कुणाची रिकामी झालीय आणि तो माणूस का गेला.